बाळाचे खरे वय आणि घरातल्या दोन भाषा

आपल्या भागातल्या घरांतून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. बाळ दोन महिने आधीच झाले, आता दहा महिन्यांचे आहे, पण नुकते कुठे आधाराशिवाय बसू लागले आहे. जावेचे तेवढेच मूल मात्र घरभर रांगते. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : आई मराठी बोलते, अज्जी कन्नड, म्हणून तर बाळ गोंधळून मागे पडत नसेल?

पहिल्याचे उत्तर हिशेबात आहे. गर्भाचे दिवस ४० आठवड्यांचे धरतात आणि ३७ आठवडे भरण्याआधी झालेले मूल अपुऱ्या दिवसांचे. जे ३२ व्या आठवड्यात जन्मले, ते आठ आठवडे लवकर आले. तेव्हा दहा महिन्यांच्या या बाळाचे वाढीच्या दृष्टीने वय आठच महिने. आठ महिन्यांचे मूल नुकते बसू लागले, तर त्यात काळजीचे काय? डॉक्टर याला दुरुस्त वय म्हणतात आणि साधारण दोन वर्षांपर्यंत हसणे, बसणे, बोलणे याच वयाने पाहतात. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या. तिथे हे दोन महिने वजा करायचे नाहीत.

हे आईच्या समाधानासाठी काढलेले गणित नव्हे. ३४ व्या आठवड्यात बाळाच्या मेंदूचे वजन पूर्ण दिवसांच्या मेंदूच्या सुमारे दोन-तृतीयांशच असते. उरलेली वाढ पोटात व्हायची, ती काचेच्या पेटीत आणि आईच्या छातीशी होते. (सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले नाही, असे जुन्या बायका म्हणत. ते खरे नाही. पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच.)

आता भाषेचे. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी १९८४ मध्ये दाखवले, की इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला 'ट' आणि 'त' वेगळा ऐकू येतो. वर्ष भरत येईपर्यंत मात्र ही जाण बरीच ओसरते. जे कानावर पडत नाही ते मेंदू सोडून देतो. आपल्या घरात याचा अर्थ काय होतो पाहा. कन्नडमध्ये 'कोडु'तला 'ओ' ऱ्हस्व म्हटला तर 'दे', दीर्घ म्हटला तर 'शिंग'. मराठीत असा भेदच नाही. उलट 'चार' आणि 'चारा' यांतले दोन 'च' मराठीचे. कन्नडभाषकाला ते शिकून घ्यावे लागतात. अज्जीच्या मांडीवर आणि आईच्या कडेवर वाढणाऱ्या बाळाला दोन्ही आयते मिळतात.

मग लवकर जन्मलेले मूल दोन-तीन महिने जास्त ऐकते, म्हणून ते भाषेत पुढे जाते का? मार्सेला पेन्या, वर्कर आणि गिलेन देहान-लाम्बर्ट्झ यांनी नेमके हेच तपासले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की आवाजांची ही निवड बाळ किती महिने ऐकते आहे यावर नव्हे, तर मेंदू किती पिकला आहे यावर ठरते. म्हणजे इथेही दुरुस्त वयच खरे.

म्हणूनच 'मूल उशिरा बोलते, घरात एकच भाषा ठेवा' हा सल्ला मला मान्य नाही. दोन भाषांमुळे मूल मागे पडते असे अभ्यासांत आढळलेले नाही. त्या सल्ल्याने होते एवढेच, की दिवसभर बाळाशी बोलणारी अज्जी गप्प बसते, किंवा मोडक्या मराठीत दोन शब्द बोलून थांबते. त्यात ती एक भाषा शाळेच्या धास्तीने इंग्रजी निवडली असेल, तर सगळे घरच परक्या भाषेत अडखळते. बाळाला हवे असते भरपूर आणि मनापासूनचे बोलणे. ते ज्याला ज्या भाषेत जमते, त्याने त्या भाषेत करावे. अंगणातली चिमणी अज्जीने गुब्बी म्हणून दाखवली तरी ती उडतेच.

शब्द मोजताना दोन्ही भाषांचे मिळून मोजा. 'नीरु दे' हा गोंधळ नाही. दोन शब्द जोडता आल्याची ती खूण आहे.

तरीही 'होईल हळूहळू' म्हणून बसून राहू नये. दुरुस्त वयाने तीन महिने झाले तरी माणसाकडे पाहून हसत नाही, सहा महिन्यांत आवाजाकडे वळत नाही, दीड वर्षात कोणत्याच भाषेत एकही शब्द नाही, किंवा येत असलेले बोलणे बंद झाले, तर लगेच दाखवा. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासून घ्यावा लागतो आणि कानांची तपासणीही तेवढीच गरजेची. ऐकूच येत नसेल तर भाषा एक काय, दोन काय! २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची सोय आहे. जाताना बाळाच्या कार्डावर जन्मतारखेशेजारी डॉक्टरांनी दिलेली प्रसूतीची तारीखही लिहून न्या, आणि घरात कोण कोणत्या भाषेत बोलते तेही सांगा.