वार्टबुर्ग : गड कीं गांव ?

जर्मनीचा प्रवास करून आलेले आमचे विद्वान् मित्र थुरिंजियांतील आयसेनाख या लहानशा गांवाविषयीं लिहूं लागले, कीं त्यांची लेखणी गांवांत क्षणभरहि टेकत नाहीं. ती थेट वर, वार्टबुर्गच्या गडावर जाऊन बसते. हा गड म्हणजे विचारस्वातंत्र्याचें तीर्थ, येथील दगडादगडांत स्वातंत्र्याचें वारें खेळतें, असें ते भक्तिभावानें सांगतात. हें मत नुसतें चुकीचें नसून घातक आहे, असें आमचें स्पष्ट म्हणणें आहे.

त्यांचा मुख्य आधार मार्टिन ल्यूथर. १५२१ च्या मे महिन्यांत सॅक्सनीचा इलेक्टर फ्रीडरिख यानें त्यास या गडावर लपविलें. तेथें सरदार योर्ग या खोट्या नांवानें राहून त्यानें सुमारें अकरा आठवड्यांत नव्या कराराचें जर्मन भाषांतर केलें, व तें १५२२ च्या सप्टेंबरांत विटेनबर्ग येथें छापून निघालें. हें सर्व खरें. परंतु गडानें त्यास दिलें काय ? एक खोली, अन्न आणि अभय. भाषा कांहीं गडानें दिली नाहीं. घरांतील आई, रस्त्यांतील मुलें आणि बाजारांतील सामान्य माणूस यांच्या तोंडाकडे पाहून भाषांतर करावें, असें त्यानेंच १५३० सालीं लिहून ठेविलें आहे. १४९८ पासून तीन वर्षें शाळकरी ल्यूथर याच आयसेनाखच्या दारोदार गाणीं म्हणून अन्न मिळवीत असे. त्या दारांतली बोली त्याच्या कानांवर पडली नसेल काय? १६८५ सालीं योहान सेबास्टियन बाख जन्मला, तोहि गडावर नव्हे. खालीं, गांवच्या वाजंत्र्याच्या घरीं.

आतां दगडांचा महिमा पाहूं. १८१७ च्या ऑक्टोबरांत सुमारें पांचशें विद्यार्थी स्वातंत्र्याचा व एकराष्ट्रीयत्वाचा जयजयकार करीत याच गडावर जमले. आणि त्याच रात्रीं त्यांतील कांहींनीं समोरच्या टेकडीवर ग्रंथांचीं नांवें लिहिलेलीं रद्दीचीं बाडें जाळलीं. त्यांत साउल आशर या ज्यू लेखकाचें पुस्तकहि होतें. पुढें १९३९ च्या मे महिन्यांत, जर्मन चर्चमधून ज्यू प्रभाव नाहींसा करण्यासाठीं काढलेल्या संस्थेचें उद्घाटन याच गडावर झालें. आणि १९४० सालीं तिनें ज्यू खुणा पुसून टाकलेला नवा करार छापला! जेथें ग्रंथ लोकांच्या भाषेंत आला, तेथेंच त्याचे लचके तोडण्याचा संकल्प सोडण्यांत आला. त्या वेळीं दगडांतलें वारें कोठें गेलें होतें ?

कोणी म्हणेल, यांत गडाचा दोष काय ? दोष नाहींच, आणि म्हणूनच श्रेयहि नाहीं. भिंती संताला आसरा देतात, तशा दुष्टालाहि देतात. स्थळाला पुण्य चिकटलें आहे असें मानलें, कीं तेथें उभा राहून बोलणारा प्रत्येकजण आपोआप पुण्यवान् ठरतो. १९३९ च्या मंडळींनीं तो गड निवडला, तो त्याचें हें पुण्य उसनें घेण्यासाठींच, असें आम्हांस वाटतें.

२०१९ सालीं प्रॉटेस्टंट चर्चांनींच या कृत्याची कबुली देणारें स्मारक उभारलें, तें खालीं गांवांत. गड पाहूं जाणाऱ्यांनीं अवश्य जावें. मात्र चढ चढण्यापूर्वीं त्या स्मारकापाशीं थोडें थांबावें, एवढेंच आमचें मागणें आहे.