अंतराचा खर्च कोणाच्या माथी?

दर पावसाळ्यात गडचिरोली जिल्ह्यातील एखादे छायाचित्र वर्तमानपत्रांत छापून येते. भामरागडजवळ पर्लकोटा नदीला पूर आलेला असतो, पुलावरून पाणी वाहत असते आणि चार माणसे खाटेला बांबू बांधून एखाद्या आजाऱ्याला खांद्यावरून नेत असतात. नागपूर-मुंबईचा वाचक क्षणभर हळहळतो, शासनाला दोष देतो आणि पान उलटतो. खाटेवरील तो आजारी बरा होऊन आपल्या पायांनी घरी परतेल, निदान तशी आशा तरी असते. परंतु ज्याचे पाय लहानपणी पोलिओने गेले, ज्याचा खुबा सिकलसेलच्या आजाराने झिजला किंवा चंद्रपूर भागातील कोळसा खाणीत ज्याने पाय गमावला, त्याला खाट केवळ पुराच्या दिवशी लागत नाही. रेशन दुकान, बँक, तहसील कचेरी, ग्रामसभा, आठवडी बाजार, यांपैकी कोठेही जावयाचे तर त्याला कोणाचा तरी खांदा मागावा लागतो. त्याचे छायाचित्र मात्र कोणी छापत नाही.

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही एक साधे तत्त्व शिकवीत असू. खर्च नाहीसा होत नसतो. तो कोणाच्या ना कोणाच्या खात्यावर पडतोच. शासनाने जो खर्च वाचविला असे वाटते, तो पुष्कळदा दुर्बलाच्या खिशातून काढून घेतलेला असतो. अपंगांच्या प्रश्नाकडे आपण दयेच्या नजरेने पाहतो, म्हणून त्यातील हा जमाखर्च आपल्या ध्यानात येत नाही. तो एकदा मांडून पाहणे अगत्याचे आहे.

अपंगासाठी असलेल्या बहुतेक सवलतींची किल्ली म्हणजे किमान 40 टक्के अपंगत्वाचे वैद्यकीय प्रमाणपत्र. भामरागड ते गडचिरोली हे अंतर दीडशे किलोमीटरांहून अधिक, आणि सिरोंचा तर दोनशेच्या आसपास. जिल्हा रुग्णालय गाठावयाचे तर अपंग माणसाबरोबर धडधाकट सोबती हवा. म्हणजे दोघांचे भाडे, दोघांची बुडालेली मजुरी आणि परत येण्यास बस न मिळाल्यास मुक्कामाचा खर्च. अस्थितज्ज्ञ त्या दिवशी रजेवर असले, तर हेच सर्व पुन्हा. एस.टी.च्या भाड्यात अपंगांना मोठी सवलत आहे हे खरे. पण ती मिळण्यास अपंगत्वाचा दाखला लागतो. म्हणजे दाखला आणण्यासाठी जो प्रवास करावयाचा, नेमका तोच पूर्ण भाड्याने! शिवाय एस.टी. टोल्यापर्यंत येत नाही, आणि आली तरी तिची पहिली पायरी कुबडीच्या माणसाला दुसऱ्याच्या हाताशिवाय चढता येत नाही. ही फेरी मे महिन्यात पडली, तर तेंदूपत्त्याच्या हंगामातील मोजक्या दिवसांची कमाई त्या कुटुंबाच्या हातून जाते. हा सारा खर्च शासनाच्या कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. तो माडिया कुटुंबाच्या चुलीवर दिसतो.

अंतराचा खर्च शासनाने सोसावा हे तत्त्व आपल्याला नवे नाही. 1977 साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा मजुराने कामाच्या शोधात वणवण न करता काम त्याच्याजवळ यावे हीच त्यामागील दृष्टी होती. 2005 च्या केंद्रीय कायद्याने तर स्पष्टच म्हटले की, काम 5 किलोमीटरांच्या आत द्यावे, आणि देता आले नाही तर 10 टक्के जादा मजुरी द्यावी. मजुराच्या पायपिटीला किंमत असते आणि ती राज्याने मोजावयाची असते, हे आपण कायद्यानेच मान्य केले. मग ज्याला पायपीटही करता येत नाही त्याच्या अंतराला किंमत का असू नये?

‘दुर्गम भागात शासन तरी कोठवर पोहोचणार?’ हा प्रश्न अधिकारीवर्ग नेहमी विचारतो. त्याचे उत्तर शासनानेच 2024 साली दिले आहे. त्या वर्षी 19 एप्रिलला चंद्रपूर आणि गडचिरोली-चिमूर या मतदारसंघांत लोकसभेचे मतदान झाले. गडचिरोलीच्या आतल्या भागात मतदान पथके हेलिकॉप्टरने उतरविण्यात आली. 40 टक्के व त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना त्याच निवडणुकीपासून देशभर घरी बसून मत देण्याची सोय करण्यात आली. ही गोष्ट स्तुत्य आहे, यात शंका नाही. परंतु एका मतासाठी मतपेटी ज्या झोपडीपर्यंत जाऊ शकते, तेथे प्रमाणपत्र देणारा डॉक्टर का जाऊ शकत नाही? मतदान केंद्राच्या पायरीवर त्या दिवसापुरता टाकलेला लाकडी उतार दुसऱ्या दिवशी उचलून का नेला जातो? तेव्हा प्रश्न साधनांचा नाही, अग्रक्रमाचा आहे.

कायद्यांची उणीव आहे असेही नाही. 1995 च्या कायद्याची जागा 2016 च्या कायद्याने घेतली. अपंगत्वाचे 7 प्रकार होते ते 21 झाले आणि त्यांत आपल्या भागाला छळणाऱ्या सिकलसेलचाही समावेश झाला. अस्तित्वात असलेल्या सर्व सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत अपंगांना वापरता येतील अशा कराव्यात, असे हा कायदा सांगतो. नियम जून 2017 मध्ये निघाले. मुदत जून 2022 मध्ये संपली. पुढे 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाला राजीव रतुरी खटल्यात असे सांगावे लागले की, या संबंधीचा नियम केवळ शिफारशीच्या भाषेत असल्याने तो मूळ कायद्याशी विसंगत आहे, आणि सक्तीचे नियम तीन महिन्यांत करावेत. दरम्यान सरकारी कागदांवरून ‘अपंग’ हा शब्द जाऊन ‘दिव्यांग’ आला. शब्द गौरवाचा आहे. पण कचेरीच्या पायऱ्या होत्या तेवढ्याच राहिल्या.

2011 च्या जनगणनेत देशातील अपंगांची संख्या सुमारे 2 कोटी 68 लाख भरली आणि त्यांतील दोनतृतीयांशांहून अधिक खेड्यांत राहणारे होते. असे असूनही डिसेंबर 2015 मध्ये सुरू झालेल्या सुगम्य भारत अभियानाने आरंभ केला तो निवडक शहरांतील इमारती, विमानतळ आणि मोठी रेल्वे स्थानके यांच्यापासून. अनेक वर्षे ज्या जिल्ह्याला देसाईगंज हे एकच रेल्वे स्थानक होते, त्याच्या वाट्याला यातून काय येणार?

येथे कोणी आनंदवनाकडे बोट दाखवील, आणि ते योग्यच आहे. 1949 साली बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळच्या माळरानावर कुष्ठरुग्णांच्या हातांनी शेती, कारखाने, शाळा उभ्या राहिल्या. झिजलेल्या बोटांना झेपतील अशी कामे व अवजारे तेथे शोधली गेली. अंध, मूकबधिर, अपंग एकमेकांच्या साहाय्याने कामाला लागले. स्वतः बाबांना मणक्याच्या विकारामुळे बसणे अशक्य झाले होते. तरीही 1985 साली ते वाहनात आडवे पडून कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले, कारण त्या वाहनात तशी व्यवस्था केलेली होती. शरीर तेच; व्यवस्था बदलली की देश पालथा घालता येतो, ती नसली की तालुक्याचे गावही गाठता येत नाही. आनंदवनाचा खरा धडा हा आहे. आपण मात्र त्यातून सोयीस्कर निष्कर्ष काढला. आनंदवन आहे ना, मग बाकीच्या जिल्ह्याने निश्चिंत राहावे! पाहुण्यांना आनंदवन अभिमानाने दाखवावयाचे आणि येताना वाटेतल्या कचेरीच्या पायऱ्यांकडे पाहावयाचे नाही, हा आपला शिरस्ता झाला आहे.

दुसऱ्यांना दोष देताना माझाही हिशेब सांगितला पाहिजे. मी शिकवीत असताना पायाला कॅलिपर लावलेला एक विद्यार्थी दूरच्या खेड्यातून येई. माझा तास दुसऱ्या मजल्यावर असे. तो प्रथम अर्धा तास आधी येऊन जिना चढू लागला, मग आठवड्यातून दोनदा आणि पुढे मुळीच येईनासा झाला. मी हजेरीपटावर ‘गैरहजर’ लिहीत राहिलो. तास खालच्या खोलीत घ्यावा हे मला सुचले नाही. त्यासाठी एक पैसाही लागला नसता. त्याच वर्षी मी त्या वर्गाला ‘समान संधी’ या विषयावर चार व्याख्याने दिली होती.

जिल्हे गरीब आहेत, आधी रस्ते होऊ द्या, असा युक्तिवाद आपल्यातील काही साथीही करतात. तो टिकणारा नाही. एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार इमारत बांधतानाच केला, तर त्याचा खर्च नगण्य असतो. आणि पैसा नाही असे कोणी म्हणावे? चंद्रपूरचा कोळसा आणि सुरजागडचे लोहखनिज याच जमिनीतून निघते. खाणींच्या उत्पन्नातून जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे जो निधी जमतो, त्याच्या अग्रक्रमाच्या विषयांत वृद्ध व अपंगांचे कल्याण 2015 पासून नमूद आहे. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचे 5 टक्के अपंगांसाठी खर्चावेत असाही शासनाचा आदेश आहे. पण जंगलातील ग्रामपंचायतीचे स्वउत्पन्न ते किती? म्हणूनच खनिज निधीवर हक्क सांगितला पाहिजे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी पुढील मागण्या हाती घ्याव्यात. अपंगत्व तपासणीचे मंडळ दरमहा ठरलेल्या दिवशी प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी बसावे. न बसल्यास अर्जदाराचे व सोबत्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी शासनाने द्यावी. ज्याची बोटे कुष्ठरोगाने झिजली आहेत त्याचे रेशन अंगठ्याच्या यंत्रापायी अडू नये. मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाल्यानंतर ज्या ग्रामसभा बांबू-तेंदूच्या उत्पन्नाच्या मालक झाल्या, तेथे आपल्या साथींनी अपंगाचा वाटा ठरावाने निश्चित करून घ्यावा. कारण जो जंगलात जाऊन पाने तोडू शकत नाही, तोही त्या जंगलाचा मालक आहे. आणि ग्रामसभा अशा जागी भरावी की जेथे त्याला स्वतः येऊन हात वर करता येईल.

मोर्चा काढण्यापूर्वी एक काम मात्र घरचे आहे. आपल्या अनेक शाखांची कार्यालये स्वस्त भाड्यापायी माडीवर आहेत आणि तिथला अरुंद जिना धडधाकट माणसालाही अवघड जातो. पुढील महिन्याची बैठक खाली, शाळेच्या ओसरीवर किंवा झाडाखाली घ्या, आणि गावातील अपंग साथींना आधी निरोप पाठवा. ते आले, तर वरील मागण्यांत कोणत्या राहून गेल्या हे तेच आपल्याला सांगतील.