रिपोर्ट नॉर्मल, म्हणून आजार नाही?

मीरा रोड किंवा भाईंदर स्टेशनबाहेर पडले की पॅथॉलॉजी लॅबचे फलक दिसू लागतात. ‘फुल बॉडी चेकअप’, इतक्या चाचण्या, इतकी सवलत. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत येणाऱ्या अनेकांच्या प्लास्टिकच्या पिशवीत हेच कागद असतात. तक्रारी ठरलेल्या. अंगात त्राण नाही, डोके जड, भूक मेली आहे, पहाटे तीनला मोडलेली झोप पुन्हा लागत नाही. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, ईसीजी, सगळे ठीक. मग डॉक्टर सांगतात, ‘रिपोर्ट चांगले आहेत, तुम्हाला काही झालेले नाही.’ घरी गेल्यावर तेच वाक्य नवरा किंवा सासू पुन्हा ऐकवते, जरा वेगळ्या सुरात.

नैराश्याचे निदान करणारी रक्तचाचणी आज नेहमीच्या वापरात कुठेच नाही. तेव्हा सगळे रिपोर्ट नॉर्मल येण्याचा अर्थ एवढाच की थायरॉईड किंवा ॲनिमियासारखी दुसरी कारणे सापडली नाहीत. त्यासाठी त्या चाचण्या जरूर कराव्यात. पण उलट फसगतही होते. शाकाहारी माणसांत बी-१२ कमी असणे आपल्याकडे नेहमीचेच. रिपोर्टवर तो आकडा ठळक अक्षरांत दिसला की सगळ्यांनाच हायसे वाटते. इंजेक्शने सुरू होतात, महिने जातात, आणि ‘जगण्यात काही अर्थ वाटतो का?’ हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

रक्तात नैराश्याची खूण शोधण्याच्या धडपडीचा एक धागा मुंबईतून निघतो. शहरातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधा या वनस्पतीचे रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचे निष्कर्ष छापले. जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले आणि रक्तदाबासाठी ते सर्रास दिले जाऊ लागले. काही रुग्ण त्यावर उदास होतात, असे डॉक्टर लिहू लागले. रेसर्पिनमुळे मेंदूतले सेरोटोनिन आणि तत्सम द्रव्ये घटतात, हेही प्रयोगशाळेत दिसले. दोन्ही गोष्टी जोडल्या गेल्या आणि ‘मेंदूतले रसायन कमी पडले की नैराश्य’ ही कल्पना रुजली. १९६५ मध्ये जोसेफ शिल्डक्राउट यांनी ती सविस्तर मांडली. गंमत अशी की १९५५ मध्येच लंडनच्या डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंता व उदासी असलेल्या रुग्णांना रेसर्पिन दिले होते आणि त्यांना त्याने बरे वाटले होते. सोपी गोष्ट हाताशी असली की अडचणीचा पुरावा बाजूला पडतो.

सेरोटोनिन कमी असल्यामुळेच नैराश्य येते याला सुसंगत पुरावा नाही, असे २०२२ च्या एका मोठ्या आढाव्याने म्हटले. त्यावर बराच गदारोळ झाला. मात्र त्यावरून गोळ्या निरुपयोगी ठरत नाहीत. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, म्हणून शरीरात पॅरासिटामॉल कमी पडल्याने ताप आला होता असे कोणी म्हणत नाही. चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे.

एक चाचणी तर जवळजवळ हाती आल्यासारखी वाटली होती. रात्री डेक्सामेथासोनची गोळी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी रक्तातले कॉर्टिसोल दबते का ते पाहायचे. तीव्र नैराश्यात ते पुरेसे दबत नाही, असे बर्नार्ड कॅरॉल यांनी १९८१ मध्ये दाखवले. चाचणीचा बोलबाला झाला. पुढे कळले की वजन झपाट्याने घटलेल्यांत, दारू सोडताना, स्मृतिभ्रंशात, इतकेच काय नुसत्या आजारपणाच्या ताणातही ती ‘पॉझिटिव्ह’ येते. काही वर्षांत ती रोजच्या वापरातून मागे पडली.

अडचण आपण काय शोधतो यातच आहे. निदानाच्या प्रचलित यादीत नऊ लक्षणे आहेत आणि त्यातली किमान पाच लागतात. म्हणजे ‘नैराश्य’ हेच निदान असलेल्या दोघांत एकच लक्षण समान असू शकते. एकाला झोप येत नाही, दुसऱ्याची संपत नाही. पावसाळ्यात मीरा-भाईंदरमध्ये तापाचे रुग्ण येतात तेव्हा ‘तापाची चाचणी’ कोणी मागत नाही. डेंग्यूची वेगळी, मलेरियाची वेगळी. नैराश्य हाही बहुधा असाच अनेक आजारांचा एक ताप आहे.

म्हणून संशोधनाची नवी दिशा अधिक शहाणपणाची वाटते. औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅब या दाहविरोधी औषधाचा एक छोटा प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण रुग्णांत ते औषध निष्फळ ठरले. मात्र ज्यांचे सीआरपी जास्त होते त्यांना फायदा झाल्यासारखे दिसले. आजार आहे की नाही हे ठरवण्यापेक्षा कोणाला कोणते औषध लागू पडेल, यासाठी अशी खूण पुढेमागे उपयोगी पडेल. आज मात्र नैराश्याचे निदान करून देतो म्हणत जनुकीय पॅकेज विकणाऱ्याला पैसे देऊ नयेत. आणि खरोखर चाचणी निघालीच, तर नोकरी देणारा किंवा विमा कंपनी ती आधी मागेल का, हाही प्रश्न आतापासून विचारला पाहिजे.

तोवर हातात काय आहे? गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर ‘संगाथ’ने केलेला प्रयोग २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. रुग्ण ओळखले ते नऊ प्रश्नांच्या साध्या प्रश्नावलीने. उपचार दिले ते प्रशिक्षण घेतलेल्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी, सहा ते आठ बैठकांत. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ६४ टक्के लक्षणांतून बाहेर आले. नेहमीच्या उपचारांवर ३९ टक्के. रक्ताचा एक थेंबही त्यासाठी लागला नाही.

मीरा-भाईंदरच्या आरोग्य केंद्रांत रक्तदाब मोजणाऱ्या परिचारिकेला दोन प्रश्न विचारता येतील: गेल्या दोन आठवड्यांत मन उदास राहिले का, आणि पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी नकोशा झाल्या का? ‘हो’ म्हणणाऱ्याशी पुढे बोलायला एक शिकवलेला माणूस, दोन खुर्च्या आणि दाराला पडदा हवा. ती सोय होईपर्यंत १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक रिपोर्टच्या पाकिटावर लिहून देता येतो. त्यावर मराठीतही बोलता येते.