माशाला पिसाची किंमत कळत नाही

स्वतः माशी बांधली की स्वस्त पडते, असं जो सांगतो त्याने कधी हिशेबाची वही उघडलेली नसते. दुसरा नेहमीचा दावा असा की, स्वतः बांधलेल्या माशीवर मासा धरण्याची मजा काही औरच. हे खरं आहे, पण का खरं आहे ते कोणी सांगत नाही. तिसरा दावा कोणी तोंडाने करत नाही, तरी या छंदाचा बराचसा बाजार त्याच्यावरच चालतो: जितकं दुर्मीळ पीस, तितका मोठा कारागीर. माझं भांडण मुख्यतः या तिसऱ्या दाव्याशी आहे.

ज्यांना या भानगडीचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्लाय फिशिंगमध्ये गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावत नाहीत, किड्यासारखी दिसणारी खोटी माशी लावतात. गळावर रेशमी दोरा गुंडाळायचा, त्यात पीस, लोकर, सशाच्या कानाचे केस असं काहीबाही अडकवायचं आणि शेवटी गाठ मारायची. झाली माशी. तिला स्वतःचं वजन जवळजवळ नसतं, म्हणून ती दूर फेकायला जड दोरीला हवेत मागेपुढे झोके द्यावे लागतात. मासा आणि माशी हे शब्द मराठीत इतके शेजारी आहेत की हा खेळ आपल्याकडेच जन्मायला हवा होता. पण तो थंड पाण्याच्या नद्यांचा. इसवी सन २००च्या सुमारास ईलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या मच्छीमारांबद्दल लिहून ठेवलंय: ते गळाला लाल लोकर गुंडाळतात आणि कोंबड्याची दोन पिसं लावतात. १४९६ साली इंग्लंडात छापलेल्या एका पुस्तिकेत बारा माश्यांच्या कृती आहेत. म्हणजे घरात, अंगणात, शेतात जे सापडेल त्यातून माशी बांधायची, ही या कलेची मूळ रीत.

मी यॉर्कशरमध्ये राहते आणि मार्च ते सप्टेंबर जमेल तेव्हा व्हार्फ नदीवर जाते. इथल्या जुन्या माश्या पाहिल्या तर हसू येईल. 'पार्ट्रिज अँड ऑरेंज' म्हणजे नारिंगी रेशमी दोऱ्याचं अंग आणि तित्तिराच्या पाठीवरच्या एका पिसाचे दीड-दोन वेढे. संपलं. 'वॉटरहेन ब्लोआ' म्हणजे पिवळ्या दोऱ्यावर किंचित लव आणि पाणकोंबडीच्या पंखाखालचं धुरकट पीस. ब्लोआ हा इथल्या बोलीतला जुना शब्द, पावसाळी ढगाच्या निळसर राखी रंगासाठी. टी. ई. प्रिट यांनी १८८५ साली या भागातल्या माश्यांचं पुस्तक काढलं, त्यातल्या कितीतरी माश्या अशाच किडकिडीत आहेत आणि आजही मासे धरतात.

आता हिशेब. गळ पकडून ठेवणारा छोटा शिकंजा, बारीक टोकाची कात्री, दोऱ्याची बॉबिनं, तऱ्हेतऱ्हेचे गळ, रंगवलेली लोकर, आणि मुद्दाम माश्यांसाठीच पैदास केलेल्या कोंबड्यांच्या मानेची कातडी. ही शेवटची वस्तू भलती महाग असते. २०११ साली तर अमेरिकेत ही लांब पिसं केसांत माळायची फॅशन आली आणि मासे धरणाऱ्यांना दुकानांत पिसं मिळेनात. या सगळ्याच्या खर्चात आयुष्यभर पुरतील इतक्या माश्या विकत घेता येतात. दिवाळीत घरी आकाशकंदील करणारा कोणी 'स्वस्त पडतो' म्हणून करत नाही. तेच इथे. मग उगाच काटकसरीचा आव कशाला?

या आवाच्या पाठोपाठ येतो तो विकतच्या माशीबद्दलचा नाक मुरडणारा सूर. 'खरा' मासेमार म्हणे दुकानातली माशी वापरत नाही. दुकानातल्या त्या माश्या बहुतेक केनिया, श्रीलंका, थायलंड अशा देशांतून येतात. तिथल्या कामगार, त्यात बायका पुष्कळ, एकसारख्या माश्या डझनांनी बांधतात. रविवारी दुपारी तीन माश्या बांधून त्यांचे फोटो टाकणाऱ्या माझ्यासारखीने त्या हातांच्या कसबाला कमी लेखणं हा निव्वळ उर्मटपणा आहे. वेळ नसेल, बोटं थरथरत असतील, आवड नसेल, तर खुशाल विकत घ्या. त्यात कमीपणा नाही.

तरी मी स्वतः बांधते आणि तुम्हीही बांधा असं सांगते, ते एकाच कारणासाठी. माशी बांधायची तर आधी किडा बघावा लागतो.

विल्टशरमध्ये एव्हन नदीवर फ्रँक सॉयर नावाचा माणूस नदीची राखण करायचा. त्याचं कामच नदीकाठी असण्याचं, त्यामुळे पाण्याखालचे किडे तो वर्षानुवर्षं पाहत होता. मेफ्लायच्या जातीतल्या काही किड्यांची पिल्लं पोहताना पाय अंगाशी चिकटवून घेतात, हे त्याच्या लक्षात आलं. तोवर पाय म्हणून पिसाचे केस लावायची पद्धत होती. सॉयरने पाय काढून टाकले. मग दोराही काढून टाकला. उरले फेझंटच्या शेपटीच्या पिसाचे मोजके तंतू आणि तांब्याची केसाएवढी तार. तारच दोऱ्याचं काम करते, आणि तिच्या वजनाने माशी पाण्याखाली जाते. १९५८ साली आलेल्या 'निम्फ्स अँड द ट्राउट' या पुस्तकात त्याने हे सगळं मांडलं. आज ट्राउट असलेल्या जवळपास कोणत्याही देशात जा, 'फेझंट टेल निम्फ' तिथल्या डबीत असते. तिच्यात सगळा भर वगळण्यावर आहे, आणि काय वगळायचं हे ठरवायला सॉयरला नदीजवळ उभं राहावं लागलं.

आता याच सॉयरचं काय झालं बघा. त्याची आणखी एक माशी आहे, 'किलर बग'. गोड्या पाण्यातल्या चिमुकल्या कोळंबीसारखी दिसणारी. तिच्यासाठी तो चॅडविक कंपनीची ४७७ नंबरची लोकर वापरायचा. ही लोकर मोजे रफू करायची होती. नदीराख्याच्या घरात सहज मिळणारी, स्वस्त, कामचलाऊ वस्तू. पुढे तिचं उत्पादन बंद झालं, आणि मग लोक तिच्यामागे लागले. रफूच्या लोकरीचं एक जुनं कार्ड मिळवण्यासाठी मोठी माणसं भरमसाठ पैसे मोजतात. सॉयरने शिकवलं होतं की हाताशी असेल त्यातून जमवा. भक्तांनी नेमकी ती वस्तू देव्हाऱ्यात नेऊन ठेवली.

लोकरीपुरतं हे हसण्यावारी नेता येईल. पिसांच्या बाबतीत येत नाही.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये सामन माशासाठी भडक, नक्षीदार माश्या बांधायची टूम आली. जगभरच्या पक्ष्यांची पिसं बायकांच्या टोप्यांसाठी बोटी भरभरून येत होतीच. जॉर्ज केल्सन यांच्या १८९५ सालच्या 'द सामन फ्लाय' या ग्रंथाने या माश्यांना शास्त्राचा मुलामा दिला: अमुक माशीला अमुकच पक्ष्याचं पीस हवं. गंमत अशी की समुद्रातून अंडी घालायला नदीत परतलेला अटलांटिक सामन खाणंच थांबवतो. तो माशीवर का झडप घालतो याचा वाद अजून मिटलेला नाही. म्हणजे ज्या माशाला भूक नाही, त्याच्यासाठी, जगात कुठल्याच किड्यासारखी न दिसणारी माशी, आणि तिच्यात टूकनचं पीस हवं की कोटिंगाचं यावर घनघोर चर्चा. त्या यादीत 'इंडियन क्रो' नावाचाही पक्षी आहे. तो भारतातला नाही आणि कावळाही नाही. दक्षिण अमेरिकेतला आहे.

त्या यादीतला एक पक्षी मात्र खरोखर आपला आहे. राखी रानकोंबडा. महाबळेश्वर, कोयना, राधानगरीच्या जंगलात पहाटे जो आरवतो तोच. नराच्या मानेवरच्या काळपट पिसांवर पिवळसर-पांढरे चकचकीत ठिपके असतात, मेणाचे थेंब पडून सुकावेत तसे. सामनच्या माशीत ही पिसं दोन बाजूंना डोळ्यांसारखी लावतात. 'जॉक स्कॉट' ही या पंथातली सगळ्यात मिरवणारी माशी याच्याशिवाय पुरी होत नाही. या हौसेपायी भारतातून या पक्ष्याची कातडी अनेक दशकं बाहेर जात राहिली. आज १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याची शिकार आणि व्यापार बंद आहे.

इथल्या एका मंडळाच्या संध्याकाळी एका गृहस्थांनी पाकिटातून असं एक कातडं काढून कौतुकाने माझ्यासमोर धरलं. "हा तुमच्याकडचा पक्षी. जुना साठा आहे, अस्सल." मी कोयनेच्या बाजूची. हा पक्षी मी आधी ऐकला, मग पाहिला. पाकिटात पहिल्यांदाच बघत होते. मी विचारलं, कुठून आला, कधी मारला? त्यांनी खांदे उडवले. इंग्लंडात आता हा पक्षी पाळून त्याची पिसं रीतसर विकणारे लोक आहेत, तरीही त्यांना 'जुना साठा'च हवा होता. जंगलातला म्हणून.

'जुना साठा' या दोन शब्दांच्या आड काय काय लपतं ते २००९ साली दिसलं. त्या वर्षी जून महिन्यात एडविन रिस्ट हा वीस वर्षांचा अमेरिकन तरुण, लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये बासरी शिकणारा आणि सामनच्या माश्या बांधण्यात वाकबगार, ट्रिंग इथल्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या पक्षिसंग्रहात खिडकीतून शिरला आणि २९९ पक्ष्यांची कातडी घेऊन गेला. स्वर्गपक्षी, केट्झाल, कोटिंगा. त्यातले काही आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी स्वतः गोळा केलेले. नोव्हेंबरमध्ये तो पकडला गेला तेव्हा १७४ कातडी अखंड मिळाली, आणि त्यांपैकी फक्त १०२ना चिठ्ठी शिल्लक होती. पक्षी कुठे आणि कधी मिळाला हे त्या चिठ्ठीवर असतं. ती गेली की शास्त्रज्ञांसाठी ते कातडं जवळपास मुकं होतं. संग्रहातल्या जुन्या समुद्रपक्ष्यांच्या पिसांवरून समुद्रातला पारा कसा वाढत गेला हे शोधता आलं, ते चिठ्ठ्या होत्या म्हणूनच. २०११ साली रिस्टला बारा महिन्यांची निलंबित शिक्षा झाली. कर्क वॉलेस जॉन्सन यांनी 'द फेदर थीफ' या २०१८ सालच्या पुस्तकात ही सगळी कथा सांगितली आहे.

चोर एक होता. पण चोरीचा माल खपला, कारण विकत घेणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी 'हे कुठून आलं' एवढा साधा प्रश्न विचारला नाही. जुन्या पिसाला चढा भाव मिळतो तोवर नव्याने मारलेला पक्षी आणि चोरलेला पक्षी, दोघेही 'जुना साठा' म्हणूनच बाजारात येणार. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: पाळीव किंवा रीतसर मिळालेल्या पक्ष्याचं नसेल, तर ते पीस घेऊ नका. आजोबांच्या काळातलं असलं तरी नको.

यावर ठरलेलं उत्तर येतं की, मग ही कला मरेल. का मरेल? टर्की, हंस, कोंबडी यांची पिसं रंगवून त्याच माश्या सुरेख बांधता येतात आणि बांधणारे बांधतातच. मिरजेत सतारीची घोडी एके काळी सांबरशिंगाची असायची, हस्तिदंतही वापरलं जायचं. ते बंद झालं. कारागिरांनी दुसरं साहित्य शोधलं, त्यावर जवारी काढायला शिकले. सतार वाजायची थांबली नाही. जी कला दुर्मीळ पक्ष्याच्या कातड्याशिवाय जगू शकत नाही, तिच्यात कसब थोडं आणि मालकीचा माज जास्त असला पाहिजे.

माझी आई विचारते, मासा धरून परत सोडायचा, मग धरायचा कशाला? प्रश्न रास्त आहे. मी काही मासे खाते, बरेच सोडते, आणि गळ लागलेल्या माशाला त्रास होतो हे नाकारत नाही. पण म्हणूनच वर आणखी एका पक्ष्याचा जीव शोभेसाठी घ्यायला माझ्याकडे कोणतंच समर्थन नाही.

तुमच्यापैकी कोणी हिमाचलात तीर्थन नदीवर जाणार असेल, तर मत्स्यविभागाचा परवाना काढा आणि जाण्याआधी घरीच दोन-चार माश्या बांधा. गळ विकत घ्यावा लागेल. दोरा शिंप्याकडे मिळेल, पीस कोंबडीवाल्याकडे, लोकर आजीच्या डब्यात. पहिली माशी बोजड होईल, दुसरी सुटून येईल. नदीवर पोचलात की लगेच काठी उचलू नका. पाण्यातला एक दगड उलटा करा आणि खाली चिकटलेले किडे बघा. रंग कोणता, जाडी किती, शेपटीला धागे दोन की तीन. दगड होता तसा परत ठेवा. मग डबी उघडून तुमची माशी त्या किड्याशेजारी धरून बघा आणि तिच्यावरचं काय काय कात्रीने कापून टाकता येईल ते ठरवा.