सही तिची, गल्ला कुणाचा?

गेल्या महिन्यात बचत गटांच्या एका प्रशिक्षणात एक अधिकारी अगदी सहज म्हणाले, "बायकांचे धंदे वाढत नाहीत. कारभार जमत नाही त्यांना." समोर साठेक बायका बसल्या होत्या. कुणी काही बोललं नाही. मीही नाही. त्याचाच राग अजून जात नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मुळात 'बाईचा धंदा' म्हणायचं कशाला? सरकारी खरेदीत महिलांच्या सूक्ष्म व लघुउद्योगांसाठी २०१८ पासून ३ टक्के वाटा ठेवला आहे. ठेवायलाच हवा होता. पण मालकी बघतात ती कागदावर. माझ्या कामाच्या भागातल्या एका कांडप गिरणीची 'मालकीण' मला म्हणाली, "ताई, मी फक्त सह्या केल्या. मोबाईलसुद्धा यांच्याकडेच असतो, ओटीपी लागतो ना." पुढे धंदा बसला. कर्ज तिच्या नावावर, नोटीस तिला, आणि बाईला जमलं नाही हा शेराही तिलाच!

त्याच गावात एक खानावळ आहे. पाटीवर नवऱ्याचं नाव. पण भाजी किती घ्यायची, कुणाचे डब्याचे पैसे थकलेत, सिलिंडर किती दिवस पुरेल, वाण्याला कधी थोपवायचं, हे सगळं तिच्या डोक्यात. खानावळ उत्तम चालते. हे यश मात्र पुरुषाच्या नावे जमा.

अशा खोट्या खतावणीवरून कुणाची तुलना कुणाशी करता?

१९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्या लिज्जतमध्ये आजही सभासद फक्त बायकाच, मालकी त्यांची आणि कार्यकारिणीही त्यांचीच. तिथे नाव आणि निर्णय एकाच हातात आहेत. तुलना करायचीच तर अशा ठिकाणी येऊन करा.

पण बोट फक्त अधिकाऱ्यांकडे दाखवून भागणार नाही. अहवालात 'उद्योजक महिला' असा आकडा भरताना चेकबुक कुणाकडे असतं, हे मीही कित्येक वर्षं विचारलं नाही. आता विचारते. भाव कोण ठरवतं, गल्ला कोण मोजतं, तुझा फोन कुठे आहे? हे विचारायला लागल्यापासून दोघी जणी बैठकीला यायच्या बंद झाल्या. घरून येऊ देत नाहीत. त्यांच्याकडे अजून जाते आहे. तुमच्या गटांत काय घडतं, जरूर कळवा.