केशतैल : आधी लेबल, मग शिफारस

केशतैलाच्या वेष्टनावर भृंगराज ठळक दिसतो. घटकांची यादी मात्र बारीक अक्षरांत दडते. औषधे नियम, १९४५ मधील नियम १६१ नुसार आयुर्वेदीय औषधावर प्रत्येक घटकाचे प्रमाण, वनस्पतीचे शास्त्रीय नाव व वापरलेला भाग छापणे बंधनकारक आहे. प्रसाधनांवर घटक केवळ उतरत्या क्रमाने येतात. तेथे पहिलेच नाव ‘लाइट लिक्विड पॅराफिन’ असेल, तर ते मुख्यत्वे खनिज तेल होय. कल्क व द्रवासह तिळतेलात सिद्ध केलेले तैल नव्हे. त्याची विक्री बेकायदेशीर नाही. परंतु गुण न आल्यास दोष शास्त्राच्या माथी येतो. म्हणून वैद्यांनी चिठ्ठीवर नुसते ‘भृंगराज तेल’ न लिहिता कल्पाचे पूर्ण नाव लिहावे आणि औषधविक्रेत्यांनी परवाना पाहूनच बाटली द्यावी, असे आम्हांस आग्रहाने सुचवावेसे वाटते.