नांदेडचे विमान आणि हिंगोलीची एस. टी.

नांदेडच्या श्री गुरू गोबिंद सिंघजी विमानतळावर उतरून हिंगोलीकडे निघालेल्या प्रवाशासमोर तीन वाटा असतात. पहिली भाड्याच्या मोटारीची. दुसरी, रिक्षाने बसस्थानक गाठून अर्धापूर, वारंगा फाटा, आखाडा बाळापूर, कळमनुरी या मार्गाने जाणाऱ्या एस. टी.ची. तिसरी, रेल्वे स्थानक गाठून पूर्णा-वसमतमार्गे जाणाऱ्या आगगाडीची. रस्त्याने अंतर ८० ते ८५ किलोमीटर. रेल्वेने पूर्णेचा वळसा धरून सुमारे ११० किलोमीटर. वरवर पाहता हा सोयी-गैरसोयीचा साधा हिशेब वाटतो. वस्तुतः या तीन वाटांवर राज्यकर्त्यांचे वाहतूक-धोरण उघडे पडते, आणि त्या धोरणामागची वर्गीय दृष्टीही.

मोटार दारातून दारापर्यंत नेते, हे खरे. पण एकट्या प्रवाशाला तिचे भाडे हजारांत मोजावे लागते आणि बहुधा परतीच्या रिकाम्या फेरीचा भारही त्याच्याच माथी बसतो. एस. टी.चे भाडे शेकड्यांत आहे. रेल्वेच्या साध्या डब्यात तर दहा-दहाच्या काही नोटांत काम भागते. म्हणजे स्वस्त वाटा आहेतच. फक्त त्या विमानतळाच्या दारापासून सुरू होत नाहीत आणि विमानाच्या वेळेची पर्वा करीत नाहीत. रात्री उशिरा उतरलेला, हाताशी सामान व म्हातारे आईवडील असलेला माणूस नाइलाजाने मोटार करतो. मग ‘लोकांनाच मोटार हवी असते’ असा निष्कर्ष काढायला तज्ज्ञ मोकळे! आधी पर्याय दुर्लभ करायचा आणि नंतर नाइलाजालाच पसंतीचे नाव द्यायचे, ही बाजारपेठेच्या पुरस्कर्त्यांची जुनीच हातचलाखी आहे.

२७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांनी सिमल्याहून ‘उडान’ योजनेच्या पहिल्या विमानफेऱ्यांचे उद्घाटन केले. त्यांत नांदेड-हैदराबाद ही फेरी होती. हवाई चप्पल घालणाऱ्याला विमानात बसवण्याची घोषणा तेव्हा देशभर दुमदुमली. सुमारे एका तासाच्या उड्डाणासाठी ठराविक जागांचे भाडे २,५०० रुपयांवर रोखण्यात आले आणि कंपनीला येणारी तूट भरून देण्यासाठी ८० टक्के वाटा केंद्राने व २० टक्के वाटा राज्याने उचलावयाचे ठरले. राज्यांनी अशा विमानतळांवर विमानाच्या इंधनावरील मूल्यवर्धित कर दहा वर्षांसाठी १ टक्क्यावर आणावा, सुरक्षा व अग्निशमन मोफत पुरवावे, जमीन लागल्यास विनामूल्य द्यावी, असेही बंधन घातले गेले.

पण त्याच बंधनांत आणखी एक कलम होते. विमानतळाला आसपासच्या प्रदेशाशी रस्ता, रेल्वे आदी मार्गांनी जोडून देण्याची जबाबदारीही राज्याचीच होती. करसवलतीचे आणि तूट भरून देण्याचे कलम तत्परतेने पाळले जाते, कारण त्यामागे कंपनीचा ताळेबंद उभा असतो. जोडवाहतुकीच्या कलमामागे मात्र फक्त प्रवासी उभा असतो, तोही हातात पिशवी घेऊन, रिक्षाच्या भाड्याची घासाघीस करीत!

विमानाचे इंधन १ टक्का करात उडते. एस. टी.च्या तिकिटातून मात्र १७.५ टक्के प्रवासी कर वर्षानुवर्षे राज्याच्या तिजोरीत जात आला आहे. कळमनुरीहून नांदेडच्या शासकीय रुग्णालयाकडे निघालेला शेतमजूर, सेनगावहून पुण्याला शिकायला जाणारी मुलगी, वसमतच्या बाजारात हळद विकून परतणारा शेतकरी, यांच्या खिशातून हा कर गोळा होतो. गरिबाच्या प्रवासावर कर आणि श्रीमंताच्या प्रवासाला अनुदान, याला विकास म्हणावयाचे असेल तर शब्दकोशच नव्याने लिहावा लागेल.

यावर दोन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला असा की, ‘उडान’चा निधी मुख्यतः अन्य विमानमार्गांवर बसवलेल्या अधिभारातून उभा राहतो, त्याचा भार गरिबांवर पडत नाही. पण सोडून दिलेला कर, मोफत सुरक्षा व अग्निशमन आणि विमानतळावर झालेला खर्च हा सार्वजनिक पैसाच आहे. २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त नांदेडच्या विमानतळाचे आधुनिकीकरण झाले ते सरकारी तिजोरीतून; आणि पुढच्याच वर्षी तो ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने खाजगी उद्योगसमूहाच्या हाती देण्यात आला.

दुसरा आक्षेप एस. टी.च्या तोट्याचा. पण तोटा झाला म्हणून काय घडते, हेही पाहावे. किंगफिशर २०१२ साली बंद पडली. ट्रूजेटची उड्डाणे २०२२ मध्ये थांबली. नांदेडहून नियमित विमाने पुन्हा सुरू झाली ती ३१ मार्च २०२४ रोजी. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा २०२३ चा अहवाल सांगतो की, ‘उडान’च्या तिसऱ्या फेरीपर्यंत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत आणि सवलतीची मुदत संपल्यानंतरही चालू राहिलेले मार्ग अवघे ५४ होते. अनुदान आटले की विमान उडून जाते. १९४८ साली सुरू झालेली एस. टी. मात्र तोटा सोसून खेड्यापाड्यांत जात राहिली. २०२१ च्या अखेरीस ती दीर्घकाळ थांबली ती प्रवासी मिळेनात म्हणून नव्हे, तर तिच्या कामगाराला घर चालवण्याइतके वेतन वेळेवर मिळत नव्हते म्हणून.

२०२२ मध्ये ७५ वर्षांवरील वृद्धांना मोफत आणि २०२३ मध्ये स्त्रियांना निम्म्या भाड्यात एस. टी. प्रवास देण्यात आला. हे निर्णय स्वागतार्हच आहेत. परंतु जी गाडी येतच नाही, तिच्या भाड्यातील सवलत ही कागदावरची भाकरी आहे. भाडे निम्मे करणाऱ्या सरकारने फेऱ्या दुप्पट करण्याचीही हिंमत दाखवली पाहिजे.

या भूमीला वाहतुकीच्या लढ्याची परंपरा आहे. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात रुंदमापी रेल्वेची मागणी अग्रभागी होती आणि त्याच आंदोलनात वसमतला पोलिसांच्या गोळ्यांना विद्यार्थी बळी पडले. ते वसमत आज हिंगोली जिल्ह्यात आहे. निजामाच्या काळात आलेल्या पूर्णा-हिंगोली मार्गाचे रुंदीकरण व्हायला २००८ साल उजाडावे लागले. रूळ रुंद झाले. पण हिंगोलीला नांदेडशी दिवसभर ठराविक अंतराने जोडणाऱ्या साध्या गाड्यांचा प्रश्न अजून अरुंदच राहिला आहे.

समाजवाद्यांनी या प्रश्नाचे उत्तर पूर्वी कृतीने दिलेले आहे. १९७७ साली मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले तेव्हा त्यांनी वरच्या वर्गाची शोभा वाढवण्यात शक्ती खर्ची घातली नाही. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी फळ्यांवर मऊ गाद्या घालण्याचा निर्णय त्यांनी घेतला. बहुसंख्यांचा प्रवास सन्मानाचा व्हावा, हेच त्या निर्णयामागील तत्त्व होते. आज त्याची कसोटी नांदेड-हिंगोली रस्त्यावर आहे.

विमानतळाला विरोध करण्याचे कारण नाही. संत नामदेवांच्या नर्सीला येणारा पंजाबातील यात्रेकरू, औंढ्याचा भाविक, औंढ्याजवळ उभ्या राहणाऱ्या ‘लायगो’ वेधशाळेचा शास्त्रज्ञ आणि तिच्या बांधकामावरील मजूर, सर्वांनाच रस्ता लागतो. मात्र विमानाच्या वेळेशी जोडलेली एस. टी. केवळ विमानप्रवाशाला नेणार नाही. अर्धापूरचा विद्यार्थी आणि बाळापूरची रुग्ण स्त्रीही तिच्यात चढेल. खाजगी मोटारीवर खर्च झालेला पैसा एका कुटुंबाला पोचवतो. सार्वजनिक गाडीवर खर्च झालेला पैसा वाटेवरच्या सगळ्या गावांना जोडतो.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक विमानाच्या वेळेला धरून विमानतळाच्या दारातून, बसस्थानकमार्गे, हिंगोलीपर्यंत एस. टी. सुटली पाहिजे. नांदेड-पूर्णा-वसमत-हिंगोली अशी साधी रेल्वेगाडी सकाळ, दुपार व संध्याकाळ धावली पाहिजे. एस. टी.वरील प्रवासी कर रद्द झाला पाहिजे. आणि विमान कंपनीची तूट भरून देणे हे राष्ट्रीय कर्तव्य असेल, तर ग्रामीण एस. टी. मार्गाची तूट त्याच न्यायाने, त्याच तत्परतेने भरून दिली पाहिजे.

पक्षाच्या शाखांनी पाचही तालुक्यांत या मागण्यांचे ग्रामसभांचे ठराव करून घ्यावेत, बसस्थानकांवर प्रवाशांच्या सह्या गोळा कराव्यात आणि त्या घेऊन आगारप्रमुखापासून परिवहनमंत्र्यांपर्यंत प्रत्येक दार ठोठवावे. एस. टी. कामगारांच्या संघटनांना या लढ्यात बरोबर घेतले पाहिजे. कारण प्रवाशाची गैरसोय आणि कामगाराची पिळवणूक यांचे मूळ एकच आहे. राज्यकर्त्यांचा विकास धावपट्टीच्या कुंपणाशी संपतो. कष्टकऱ्यांचा प्रवास तेथूनच सुरू होतो.